पुढचं जरा बसलंय

नेसरीत मोटारसायकल उभी दिसली की माणूस मालकाशी नंतर बोलतो, आधी गाडी दाबून बघतो. दोन्ही मुठी धरायच्या, पुढचा ब्रेक आवळायचा, अंगाचा सगळा भार टाकून गाडीचं तोंड खाली रेटायचं आणि एकदम सोडून द्यायचं. तोंड वर येतं, एखाददुसरी डुलकी घेतं आणि थांबतं. दाबणारा क्षणभर डोळे बारीक करतो, जिभेनं च्यक् करतो आणि निकाल देतो, "पुढचं जरा बसलंय, सर."

ही परीक्षा घ्यायला कसलीही पात्रता लागत नाही. एसटीची वाट बघणारा दाबतो, डेअरीला दूध घालून परत निघालेला दाबतो, ज्याच्या घरात आजवर सायकलीपलीकडे वाहन आलेलं नाही तोही दाबतो. म्हैस विकत घ्यायची नसली तरी जाता जाता तिची कास बघून घ्यावी, तसं हे. आणि निकाल कायम एकच. 'पुढचं झकास आहे' असं मी स्टँडवर कधी ऐकलेलं नाही. शोरूममधून हार घालून आलेल्या कोऱ्या गाडीचंसुद्धा पुढचं 'अजून बसायचंय' असतं.

माझी येझदी इतकी वर्षं इतक्या जणांनी दाबली आहे की तिचं पुढचं रस्त्यानं कमी आणि माणसांनी जास्त बसवलं असावं, असा माझा दाट संशय आहे.

गाडी वडिलांची. ज्यांनी येझदी फक्त नावानं ऐकली आहे अशांसाठी थोडं सांगतो. म्हैसूरला आयडियल जावा नावाचा कारखाना होता. चेकोस्लोव्हाकियातल्या जावाच्या परवान्यावर तिथं १९६१ पासून गाड्या तयार व्हायला लागल्या, पुढे त्यांचंच नाव येझदी झालं आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. अलीकडे ही दोन्ही नावं नव्या गाड्यांवर पुन्हा झळकली आहेत, पण त्या गाड्या बटणावर सुरू होतात, त्यामुळे आम्ही त्यांना नात्यात धरत नाही. जुन्या येझदीला किक आणि गिअर यांची दांडी एकच. दांडी आत दाबून फिरवली की किक, जागेवर आणली की गिअर. ही करामत कळेपर्यंत चोराला उजाडतं, म्हणून आमच्या घरी गाडीला कुलूप नाही. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर, आणि सकाळी सुरू केली की शेजारच्या गोठ्यातले डास निम्म्यानं कमी होतात, असा शेजाऱ्यांचाच दाखला आहे.

तर या गाडीचं पुढचं बसलं होतं. म्हणजे या खेपेला खरोखरच बसलं होतं. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून 'खट्ट' असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज यायचा आणि तो थेट माझ्या मनगटातून दाढेपर्यंत पोचायचा. आमच्याकडचे स्पीडब्रेकर ज्याच्या घरासमोर असतात त्याच्या स्वभावाप्रमाणे उंच असतात. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्ता असा काही मळून काढतात की पावसाळ्याला करण्यासारखं फारसं काम उरत नाही. 'खट्ट' दिवसभर चालूच.

पुढच्या शॉकअपमध्ये तसं पाहिलं तर फार काही नसतं. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा, त्याच्या दोन नळ्या, प्रत्येक नळीत एक लांबलचक स्प्रिंग आणि थोडं ऑईल. बाकी सगळं सील, वॉशर आणि मेस्त्रीचा अनुभव. स्प्रिंगनं धक्का गिळायचा आणि ऑईलनं तो गिळलेला धक्का जिरवायचा, अशी कामाची वाटणी. नुसती स्प्रिंग असली तर अडकूरच्या खड्ड्यात गेलेली गाडी नेसरी आली तरी नाचतच राहील. १९३५ साली बीएमडब्ल्यूनं आर १२ या गाडीला ऑईल भरलेल्या नळ्यांचा चिमटा लावून ती बाजारात आणली. पुढे जगानं हीच रचना उचलली. अपवाद होतेच. दूधवाल्यांची लाडकी राजदूत ही मूळची पोलंडची एसएचएल एम ११. तिच्या जुन्या अवताराला पुढच्या चाकालाही मागच्यासारखा आडवा हात आणि बाहेरून दिसणारे दोन शॉकअप असायचे. अशी एक राजदूत आमच्या भागात बरीच वर्षं कॅन वाहत होती. तिला मात्र कुणी दाबून बघत नसे. पुढं दाबायचं का मागं, यावरच एकमत व्हायचं नाही.

माझा भाचा पुण्याला असतो. तो मोटारसायकलवरून लडाखला जाऊन आला आहे, त्यामुळे त्याला मोटारसायकलविषयी काही विचारावं लागत नाही, तो आपणहून सांगतो. दिवाळीला आला तेव्हा त्यानंही येझदी दाबली, पण शहराच्या पद्धतीनं, गुडघ्यावर बसून नळीकडे बघत.

"मामा, स्प्रिंग गेल्यात."

"मऊ पडल्या असतील."

"मऊ नाही पडत. बुटक्या होतात."

हे मला नवं होतं आणि ते खरं निघालं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेढ्याच्या घेरावर, वेढ्यांच्या संख्येवर आणि पोलादाच्या जातीवर ठरतो. वय झालं म्हणून यातलं काहीच बदलत नाही. बदलते ती उंची. वर्षानुवर्षं दबून दबून स्प्रिंग मूळच्या लांबीवर परत येईनाशी होते. तिच्या अंगात जोर तेवढाच असतो, पण ती आधीच निम्मी वाकून उभी राहते, मग खड्डा आला की तिला खाली जायला जागा उरत नाही. तेच ते 'खट्ट'. म्हणजे स्टँडवरची मंडळी म्हणत होती ते शब्दशः बरोबर होतं. बसलं होतं. फक्त ते कोऱ्या गाडीलाही तेच म्हणत असल्यामुळे त्यांच्या बरोबर असण्याचा काही उपयोग नव्हता.

भाच्याचा सल्ला असा, की नुसत्या बदलू नका, जरा कडक स्प्रिंग घाला, म्हणजे ब्रेक मारल्यावर गाडी नाक घासत पुढं झुकायची नाही. मी त्याला म्हटलं, नेसरीत पुढचा ब्रेक मारतं कोण? 'पुढचा मारला की माणूस तोंडावर पडतो' हे बाळकडू इथं सायकल शिकवतानाच पाजलेलं असतं. खरं तर ब्रेक मारला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी थांबवायचं बहुतेक काम तेच चाक करतं, पण ते शास्त्र झालं. पुढच्या ब्रेकचे इथले उपयोग दोन. गाडी दाबून बघताना आवळायला, आणि दांडीला भाजीची पिशवी अडकवायला.

भाच्यानं तो मुद्दा सोडला आणि मूळ प्रश्नाला हात घातला. परदेशी स्प्रिंगवाल्यांचे तक्ते असतात म्हणे. त्यात गाडीचं नाव, चालवणाऱ्याचं वजन आणि वापराचा प्रकार भरला की स्प्रिंग किती कडक हवी ते निघतं. एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात, असा तो आकडा.

"मामा, तुमचं वजन किती?"

"बहात्तर," मी म्हणालो.

आतून आई म्हणाली, "कवाचं?"

पण खरा घोळ माझ्या वजनाचा नव्हताच. तो तक्ता अशा माणसासाठी होता जो एकटा गाडीवर बसतो, एकटा कुठंतरी जातो आणि एकटाच परत येतो. अशा माणसाला नेसरीत लोक विचारतात, "काय सर, घरात सगळं बरं हाय न्हवं?" रिकामी गाडी गावाबाहेर काढणं हे इथं जवळजवळ असभ्य समजलं जातं. निघताना कुणीतरी हात करतं, "कुठं जाऊलाय सर?" आणि उत्तर यायच्या आत मागं बसतं. कुठं जाऊलाय हे बसल्यावर विचारलं तरी चालतं.

शिवाय सामान. मागच्या सीटवर माणूस असला की सामान पुढं येतं, आणि पुढं म्हणजे पेट्रोलच्या टाकीवर. येझदीची टाकी पेट्रोलसाठी असते असं म्हैसूरच्या कारखान्याला वाटत होतं. आमच्या घरी ती गॅस सिलिंडरसाठी आहे. चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस आणि तितकंच, किंबहुना थोडं जास्तच, लोखंड, असं मिळून तीस किलोच्या आसपास. खरीप आला की त्याच जागी युरियाचं पोतं येतं. हे पोतं पूर्वी पन्नास किलोचं होतं. सरकारनं २०१८ साली ते पंचेचाळीसवर आणलं. खताची बचत व्हावी हा त्यामागचा हेतू, पण देशभरातल्या जुन्या मोटारसायकलींच्या पुढच्या शॉकअपना मिळालेला पाच किलोंचा हा पहिलाच सरकारी दिलासा असावा. सरकी पेंडीचं पोतं मात्र अजून पन्नासचं आहे. म्हशीसाठी कुणी असा विचार केलेला नाही.

दुधाची गंमत उलटी. चाळीस लिटरचे दोन भरलेले कॅन मागं दोन्ही बाजूंना लटकवले की भार मागच्या चाकाच्याही मागं जातो आणि पुढचं चाक हलकं होतं. चढावर तर हँडल हातात असूनही नसल्यासारखं. त्या वेळी पुढच्या स्प्रिंग मजेत ताठ उभ्या असतात, काम नाही म्हणून. परत येताना कॅन रिकामे आणि टाकीवर पेंडीचं पोतं. म्हणजे एकाच सकाळी, एकाच रस्त्यावर, एकाच माणसाच्या गाडीला दोन वेगळ्या स्प्रिंग लागतात. तक्त्यात हा रकाना नाही.

बायकोचं, पोराचं, आईचं वेगळंच गणित. आई मागं एका बाजूला पाय सोडून बसते. तिचं वजन फार नाही, पण बाजाराहून येताना तिच्या मांडीवर जे असतं त्याचं वजन विचारलेलं तिला आवडत नाही. शेजारचं पोरगं शाळेपर्यंत टाकीवर बसतं आणि खड्डा आला की आनंदानं 'खट्ट' असं तोंडानं म्हणतं. त्यामुळे कित्येकदा आवाज शॉकअपचा की पोराचा हे मला कळत नाही. हँडलला दोन्ही बाजूंना पिशव्या. एकीकडे भाजी, दुसरीकडे कुणाच्या तरी औषधांची. मिरगाच्या आसपास वैरणीची पेंढी असते, तेव्हा तर समोरून गाडीच दिसत नाही. गवताचा भारा स्वतःहून गावात शिरताना दिसतो आणि हॉर्न देतो.

मी भाच्याला हिशोब करून दाखवला. समजा एका स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला अर्धा किलो लागतो. दोन मिळून एक किलो. टाकीवरच्या सिलिंडरचा निम्मा भार पुढं आला असं धरलं तरी नुसत्या सिलिंडरनं पुढचं पंधरा मिलिमीटर खाली जातं. युरियानं बावीस-तेवीस. पेंडीनं पंचवीस. आता तक्त्यात वजन काय लिहायचं? आणि वापराचा प्रकार? त्यानं पर्याय वाचून दाखवले. रोजचा वापर, लांबचा प्रवास, शर्यत.

"पेंड नाही का?"

"मामा, गंभीरपणे बोला."

मी गंभीरच होतो. स्प्रिंगच्या सगळ्या शास्त्राचा पाया रॉबर्ट हूक या इंग्रज गृहस्थानं घातला, आणि तोही काही फार मोकळेपणानं नाही. १६७६ साली त्यानं आपला नियम छापला तो अक्षरांची उलटापालट करून, शोध आपल्या नावावर राहावा पण दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. दोन वर्षांनी, १६७८ मध्ये, त्यानं तो उलगडून सांगितला. स्प्रिंग जितकी दाबाल किंवा ताणाल, त्याच प्रमाणात ती उलटा जोर लावते, एवढाच तो नियम. आमच्या मेस्त्रीचीही पद्धत हीच. शॉकअपमध्ये कुठल्या गाडीचा वॉशर घातलाय ते तो दोन वर्षांच्या आत सांगत नाही.

आणि हूकचं ते कोडं छापून यायच्या दोनच वर्षं आधी, २४ फेब्रुवारी १६७४ ला, आमच्या नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा स्वारांना घेऊन बहलोलखानाच्या अख्ख्या फौजेवर तुटून पडले. सातजण निघाले तेव्हा समोर किती आहेत याची कुणी बेरीज-वजाबाकी केली नव्हती. ज्या गावाचा इतिहास असा, तिथल्या माणसानं टाकीवर पोतं ठेवताना मिलिमीटर मोजावेत ही अपेक्षा मला जरा शहरी वाटते.

मेस्त्रीकडे गेलो तर त्याच्याकडे इलाज तयार होता. त्याच्याकडे तो नेहमीच तयार असतो, रोगाची वाट बघत.

"सर, नवी कशाला? हाय तीच कापूया. चार-पाच येढं काढतो, वर पाईपचा तुकडा टाकतो. दगड हुतंय बघा."

"कापल्यावर आणखी मऊ नाही होणार?"

"न्हाई वो. मेलेला भाग काढून टाकायचा. जित्ता भाग ऱ्हातोय."

भाच्याला फोनवर सांगितलं तर तिकडून नुसता श्वास ऐकू आला. पण गंमत अशी की मेस्त्रीचं उत्तर बरोबर होतं, कारण तेवढं चुकीचं होतं. स्प्रिंगमध्ये मेलेला भाग नसतो. पण वेढे कमी केले की उरलेल्या प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला जास्त दबणं येतं आणि स्प्रिंग कडक होते. साठातले सहा वेढे कापले तर अकरा टक्क्यांनी. अट एकच, कापायची ती ग्राइंडरनं, सावकाश, गार ठेवत. गॅसच्या ज्योतीनं कापली की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग खरोखरच मेलेला भाग तयार होतो.

पाईपच्या तुकड्याबद्दल मात्र गावभर गैरसमजाचं साम्राज्य आहे. स्प्रिंगवर प्लंबिंगच्या पीव्हीसी पाईपचा बोटभर तुकडा ठेवला आणि वरचा नट आवळला की लोक म्हणतात शॉकअप कडक झाला. होत काही नाही. गाडी तेवढी वर उचलून उभी राहते, एवढंच. स्प्रिंग मिलिमीटरला पूर्वी जेवढे किलो मागत होती तेवढेच आताही मागते. तुकडा अतीच लांब घातला तर रिकाम्या गाडीचं तोंड हातानं दाबलं तरी हलत नाही, आणि दाबणारा खूश होतो. चालवणारा होत नाही. बुटक्या झालेल्या स्प्रिंगला हरवलेली उंची परत द्यायला हा तुकडा चांगला, पण त्यानं पेंडीचं पोतं पेलवत नाही. हे मी मेस्त्रीला समजावून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पाईप कापायला घेतला.

शेवटी मी जुन्या स्प्रिंग पिशवीत घालून कोल्हापूर गाठलं. उद्यमनगरात तुकडा दाखवला की तसाच दुसरा करून मिळतो, मग तो ऑईल इंजिनाचा असो की उसाच्या चरकाचा. एका गाळ्यात स्प्रिंग वळणारे एक काका होते. मी वाटेत मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. तारेची जाडी जराशी वाढवली तरी कडकपणा चौथ्या घाताच्या हिशोबानं वाढतो, म्हणजे दहा टक्के जाड तार घेतली की स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक, तेव्हा बेतानं घ्या, वगैरे. शिवाय माझं वजन, सिलिंडरचं वजन, आई मांडीवर घेते त्याचं अंदाजे वजन, असा एक कागदही खिशात होता.

काकांनी जुनी स्प्रिंग हातात घेतली, कॅलिपर लावला, जमिनीवर उभी करून बघितली. माझ्याकडे पाहिलं नाही. वजन विचारलं नाही.

"गाव कुठलं?"

"नेसरी."

"मग जाड घालतो."

परदेशी तक्ते करणाऱ्यांनी एकदा उद्यमनगरात येऊन जावं. इतके सगळे रकाने एका प्रश्नात बसतात हे त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

नव्या स्प्रिंग बसवायचा दिवस म्हणजे गॅरेजसमोर छोटीशी जत्रा. डबल स्टँडवर गाडी, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा, पुढचं चाक अधांतरी. नळीवरचा मोठा नट सुटला तशी आतली स्प्रिंग वर उसळली, नट हातात आपटला आणि जमलेल्यांपैकी दोघं मागं सरकले. मग तळाचा स्क्रू काढून मेस्त्रीनं जुनं ऑईल डब्यात सोडलं. ते ऑईल नव्हतंच. काळपट राखाडी रंगाचा, पातळ, कुजक्या माशासारख्या वासाचा असा एक द्रव होता, आणि त्याच्यावर चंदेरी कणांची तकाकी फिरत होती. ती तकाकी म्हणजे वर्षानुवर्षं घासून गेलेलं लोखंड. एकानं डब्यात बोट बुडवून बघितलं आणि मग बराच वेळ ते बोट कुठं पुसावं याचा विचार करत उभा राहिला. यापूर्वी यात कुठलं ऑईल होतं, असं विचारल्यावर मेस्त्री म्हणाला, "मिळंल त्ये." काहीजण इंजिनाचं घालतात. दाट ऑईलनं शॉकअप कडक झाल्यासारखा वाटतो, पण तो फक्त सुस्त होतो. पहिल्या खड्ड्यातून वर यायच्या आत दुसरा खड्डा येतो, आणि आमच्या रस्त्यावर तो येतोच.

उजव्या नळीचं सील थोडं पाझरत होतं. मेस्त्री म्हणाला, सील गेलेलं नाही, आत माती अडकली आहे. त्यानं फळीवरून एक एक्स-रेची फिल्म ओढून काढली, कात्रीनं तिची एक पट्टी कापली, टोकाला आकडा केला, आणि ती सील आणि रॉड यांच्यामधल्या फटीत सरकवून गोल फिरवली. बारीक काळी माती पट्टीबरोबर बाहेर आली. ही युक्ती जगभर चालते, तिच्यासाठी खास प्लास्टिकची अवजारंही मिळतात. उरलेली फिल्म मी उजेडात धरली. गुडघा होता.

"कुणाचा रे?"

"तात्यांचा. आता त्येंनी दुसरा काढलाय."

तात्या गर्दीतच उभे होते. त्यांनी आपल्या गुडघ्याची पट्टी नळीभोवती फिरताना समाधानानं बघितली.

नवी स्प्रिंग आत टाकताना वाद झाला. तिचे वेढे एका टोकाला जवळ जवळ आणि दुसऱ्या टोकाला लांब लांब होते, म्हणजे आधी मऊ आणि मग कडक अशा जातीची. आता दाट वेढे वर घालायचे की खाली? अर्धी मंडळी वर म्हणाली, अर्धी खाली. एक गृहस्थ म्हणाले, एका बाजूला वर घाला आणि दुसऱ्या बाजूला खाली, म्हणजे बॅलन्स राहील. वास्तविक कडकपणात फरक काहीच पडत नाही. दाट वेढे वर ठेवले तर चाकाबरोबर वरखाली होणारं वजन किंचित कमी राहतं, एवढंच. पण हे सांगून वाद मिटवणं म्हणजे लोकांच्या तोंडचा चहा काढून घेण्यासारखं झालं असतं. मी गप्प राहिलो. चहा आला.

मग मोजमाप. भाच्यानं फोनवर बजावलं होतं. रॉडला एक रबर बांधा, नेहमीसारखे बसा, सावकाश उतरा, रबर किती सरकला ते मोजा. एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश इतकं आलं पाहिजे. दोघांनी गाडी सरळ धरायची, एकानं मोजायचं. धरायला सातजण आले. मोजायला टेप नव्हती, ती शिंप्याकडून आली आणि इंचांची निघाली. मी बसलो. "नेहमीसारखे बसा," असं भाचा फोनवरून पुन्हा म्हणाला, ते ऐकून मेस्त्रीनं एका पोराला माझ्या मागं बसवलं. एकानं हँडलला पिशवी अडकवली. रबर सरकला. पाव हिस्सा आणि वर थोडं. मी फोनवर आकडा सांगितला, भाचा म्हणाला परफेक्ट. पिशवीत काय होतं ते मी त्याला सांगितलं नाही.

गाडी मात्र खरंच सुधारली. हडलग्याच्या बाजूला एक फेरी मारून आलो. जिथं दात आवळून धरायची सवय झाली होती तिथं पुढचं चाक नुसतं खाली जाऊन वर आलं. वळणावर हँडल थरथरलं नाही. दोन-तीन दिवस मी गावात उगाच गाडी फिरवत होतो. आई म्हणाली, पोस्टात जाताना आता चालत जायला काय झालं?

पण नेसरीत गुपित राहत नाही. सरांच्या येझदीचं पुढचं कडक केलंय, ही बातमी घाटप्रभेच्या अलीकडं-पलीकडं पोचली, आणि लोकांनी तिचा एकच अर्थ काढला. कडक गाडी म्हणजे जिच्यावर अजून जागा शिल्लक आहे अशी गाडी. तिसऱ्याच दिवशी चुलतभाऊ दारात. त्याच्या मागं दोघांनी बांबूला बांधून आणलेली विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर.

"दादा, मोटर जळलीया. गडहिंग्लजला रिवायंडिंगला टाकायची."

"अरे, टेम्पो सांग की."

"टेम्पोला भाडं हाय. तुझ्या गाडीला कुठं हाय?"

मी त्याला खाली बसवून सगळं सांगितलं. मिलिमीटरला किती किलो, पाव हिस्सा म्हणजे काय, तारेचा चौथा घात कसा, स्प्रिंग बुटकी का होते. तो अगदी शांतपणे, मान डोलवत ऐकत होता आणि ऐकता ऐकता दोरी सोडत होता. मोटर टाकीवर चढवायला लागले तसा समोरून मेस्त्री धावत आला. मला वाटलं, चला, निदान हा तरी आपल्या कामाची बूज राखेल.

"थांबा, थांबा! आडवी नगं, उभी ठेवा. मोटर म्होरं, मग सर, आणि सरांच्या मागं मी. मला बी गडहिंग्लजास्नं ऑईल सील आणायचं हाय."